६०० डॉलरची जमीन: 'ऑफ माइस अँड मेन'मधल्या स्वप्नामागचा इतिहास

अमेरिकन लेखक जॉन स्टाइनबेकच्या या कादंबरीचा विषय निघाला की लोक पटकन म्हणून जातात, कॅलिफोर्नियात मजुरी करत फिरणाऱ्या जॉर्ज आणि लेनीचं स्वप्न म्हणजे निव्वळ भाबडेपणा. मला हे अजिबात पटत नाही. दहा एकर जमीन, छोटंसं घर, कोंबड्या, लेनीसाठी ससे, एवढंच तर हवंय त्यांना, आणि याच्यापेक्षा कितीतरी जास्त त्यांच्या आजोबांच्या पिढीला खुद्द अमेरिकन सरकारने देऊ केलं होतं.

१८६२ चा होमस्टेड कायदा बघा. किरकोळ फी भरा, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसा, १६० एकर तुमचे. लाखो लोकांनी अशा जमिनी घेतल्या (आणि त्या तिथल्या मूळ रहिवाशांकडून हिसकावलेल्या होत्या, हेही सांगायलाच हवं). पण १८९० च्या जनगणनेनंतर सरकारनेच जाहीर केलं की पश्चिमेकडे नवी वस्ती करायची अशी सलग सरहद्द आता उरलेली नाही. आस मात्र घराघरात तशीच राहिली. कॅलिफोर्नियात तर स्पॅनिश-मेक्सिकन काळापासून प्रचंड जमीन मोजक्या लोकांच्या हातात, त्यामुळे तिथे मोठमोठे रँच (शेती आणि गुराढोरांचे मळे) आणि हंगामापुरते मजूर, बोचकं पाठीला मारून एका रँचवरून दुसऱ्या रँचवर फिरणारे. त्यात १९२९ ची मंदी, १९३३ पर्यंत साधारण दर चौथा कामगार बेकार, वरून दुष्काळ आणि धुळीची वादळं, मग मैदानी राज्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली.

स्टाइनबेकने हे जवळून पाहिलेलं. जन्म १९०२ चा, सॅलिनासचा, तरुणपणी स्वतः रँचवर राबलेला, आणि १९३६ मध्ये स्थलांतरित मजुरांच्या छावण्यांवर त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या एका पेपरात लेखमालाही लिहिली. कादंबरी आली १९३७ मध्ये.

म्हणूनच मला त्यातला पैशांचा हिशोब फार महत्त्वाचा वाटतो. जमिनीची किंमत ६०० डॉलर, पगार महिन्याला ५०, म्हणजे एका माणसाची वर्षाची सगळी कमाई, आणि जॉर्ज-लेनीकडे मिळून जेमतेम १० डॉलर. मग त्याच रँचवरचा म्हातारा कँडी हळूच सांगतो की माझ्याकडे ३०० आहेत, महिनाअखेरीस अजून ५० येतील. त्यातले २५० त्याला रँचवर हात गेला त्याची भरपाई म्हणून मिळालेत. जॉर्ज आकडे जुळवतो, दोघांनी महिनाभर एक पैसाही खर्च केला नाही तर १०० होतील, एकूण ४५०, तेवढ्यात जमेल बहुतेक, आणि तिघं एकदम गप्प होतात कारण इतके दिवस लेनीला गोष्टीसारखं सांगितलेलं आता खरंच होऊ शकतंय. तबेल्यात वेगळं ठेवलेला काळा मजूर क्रूक्स, ज्याने जमिनीचं वेड डोक्यात घेऊन फिरणारे शेकडो लोक पाहिलेत आणि जमीन मिळालेला एकही नाही, तोही थोडा वेळ विरघळतो आणि म्हणतो मी फुकट राबतो, मलाही न्या. मग रँचमालकाचा मुलगा कर्ली, त्याची बायको क्रूक्सला झाडाला टांगण्याची धमकी देते आणि तो आपले शब्द मागे घेतो.

कँडीचं मात्र थोडं थांबून बघायला हवं. एकच हात, काम झाडलोटीचं, तेही झेपेनासं झालं की हाकलणार हे त्याला पक्कं माहीत. १९३५ मध्ये सोशल सिक्युरिटी कायद्याने म्हातारपणीच्या पेन्शनची सोय झाली खरी, पण शेतमजुरांना त्यातून वगळलं, आणि युनियनच्या हक्काचा वॅग्नर कायदा त्याच वर्षी आला तर त्यातूनही यांनाच वगळलं. त्यामुळे शेवटी, लेनीच्या हातून नकळत जीव गेलेल्या कर्लीच्या बायकोचं प्रेत समोर असताना कँडी जॉर्जला विचारतो, आपण दोघं तरी घेऊ शकतो ना ती जागा? बऱ्याच वाचकांना हे स्वार्थी वाटतं. पण त्या म्हाताऱ्याकडे विचारण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.