कन्सोल एम्युलेटरच्या कामगिरीचे मूल्यमापन

एखाद्या गेम कन्सोलसाठी लिहिलेले खेळ वेगळ्याच घडणीच्या संगणकावर चालावेत, म्हणून त्या कन्सोलमधील प्रोसेसर, चित्रचिप, ध्वनिचिप आणि मेमरी यांचे वागणे सॉफ्टवेअरमध्ये जसेच्या तसे उभे करणारा प्रोग्रॅम म्हणजे एम्युलेटर. घरच्या संगणकावर तो मूळ यंत्राच्या वेगाने, न अडखळता आणि बिनचूक चालतो का, हे पडताळणे म्हणजे त्याच्या कामगिरीचे मूल्यमापन. संगणकासाठीच बनलेल्या खेळांची चाचणी घेताना दर सेकंदाला फ्रेम (पडद्यावर काढलेली पूर्ण चित्रे) जितक्या अधिक तितके चांगले, असा सरळ हिशेब असतो. एम्युलेटरला तो लागू पडत नाही. इथली रेषा कन्सोलनेच आखून ठेवलेली असते. तिच्या मागे राहिले की खेळ रेंगाळतो आणि संगीत ओढल्यासारखे वाजते. पुढे गेले की पात्रे पळत सुटतात.

ही रेषा बोलीभाषेत ‘साठ फ्रेम’ म्हणून ओळखली जाते, पण ती गोल केलेली संख्या आहे. अमेरिका आणि जपानमध्ये विकल्या गेलेल्या निन्टेन्डो एनईएसचे चित्र सेकंदाला ६०.०९८८ वेळा नव्याने काढले जाते, गेम बॉयचे ५९.७३ वेळा, तर युरोपातील पाल या टीव्ही-प्रक्षेपण पद्धतीच्या कन्सोलचे सुमारे ५० वेळा. साठाच्या हिशेबाने एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. एनईएसमध्ये तेवढ्या वेळात प्रोसेसरची सुमारे २९,७८० चक्रे (कामाचे ठोके) होतात आणि चित्रचिप तिच्या प्रत्येक चक्राला एक ठिपका या गतीने ८९,३४२ ठिपक्यांचा फेरा पुरा करते. एम्युलेटरने एवढे सगळे काम त्याच वेळात उरकायचे, आवाज तयार करायचा, चित्र पडद्याकडे पाठवायचे आणि पुढच्या फ्रेमला वेळेवर हजर राहायचे.

एनईएसचा प्रोसेसर १.७९ मेगाहर्ट्झचा. आजचा साधा संगणक त्याहून हजारो पटींनी वेगवान असल्याने हे काम क्षुल्लक वाटते. खरा भार वेगाचा नसतो, ताळमेळाचा असतो. कन्सोलमध्ये सगळ्या चिप एकाच वेळी चालतात आणि एकमेकींच्या कामात मध्येच हात घालतात. एम्युलेटरला त्या आळीपाळीने चालवाव्या लागतात. ही पाळी किती वेळा बदलायची, यावर अचूकता आणि खर्च दोन्ही ठरतात. सुपर निन्टेन्डोचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९९७ साली आलेला झेडस्नेस असेंब्ली भाषेत लिहिलेला होता आणि अनेक ठिकाणी जवळच्या वाटेने जाऊन त्या काळच्या पेंटियम संगणकांवर खेळ चालवून दाखवत असे. त्याच कन्सोलचा बीस्नेस हा एम्युलेटर काटेकोरपणाला वाहिलेला. त्याची सर्वांत अचूक रीत पुरी गती गाठायला २०११ च्या सुमारास ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा प्रोसेसर मागत होती. हा जादा खर्च वाया जात नव्हता. ‘एअर स्ट्राइक पेट्रोल’ या खेळात विमानाची सावली चित्राची एकच ओळ काढली जात असताना मध्येच मांडणी बदलून उमटवलेली आहे. ओळीच्या हिशेबाने चित्र काढणाऱ्या एम्युलेटरमध्ये ती दिसतच नाही. फ्रेममोजणीचा आकडा मात्र दोन्हीकडे साठच असतो. म्हणून केवळ वेग पाहून दिलेला निकाल अर्धवट मानावा.

अचूकता तपासण्यासाठी चाहत्यांनी आणि प्रोग्रॅमरांनी लिहिलेले छोटे चाचणी-प्रोग्रॅम असतात; एनईएससाठीचा नेसटेस्ट त्यांपैकी सर्वपरिचित. ते खऱ्या कन्सोलवर जो निकाल देतात तोच एम्युलेटरवर यायला हवा.

पुढच्या पिढ्यांच्या कन्सोलांबाबत गणित बदलते. कन्सोलची प्रत्येक सूचना वाचून तिचा अर्थ लावत बसणारा इंटरप्रिटर तिथे पुरा पडत नाही. सूचनांचे गट संगणकाच्या भाषेत भाषांतरित करून साठवून ठेवणारा आणि पुन्हा पुन्हा वापरणारा रिकंपायलर लागतो. दुसरी युक्ती म्हणजे चिपची नक्कल करण्याऐवजी खेळाला चिपकडून जे काम हवे आहे तेच वरच्या पातळीवर ओळखून करून टाकणे. १९९९ च्या आरंभी आलेल्या अल्ट्राएचएलईने याच मार्गाने निन्टेन्डो ६४ चे खेळ संगणकावर चालवून दाखवले. तो कन्सोल तेव्हा बाजारात चालू होता. या मार्गाने मिळणारा वेग मोठा असतो, पण त्याची हमी खेळागणिक बदलते. एक खेळ सुरळीत चालला म्हणून दुसराही चालेल असे गृहीत धरता येत नाही.

निन्टेन्डोच्याच गेमक्यूब या कन्सोलचा प्रोसेसर ४८६ मेगाहर्ट्झचा आणि वी या कन्सोलचा ७२९ मेगाहर्ट्झचा होता. या दोहोंसाठीच्या डॉल्फिन एम्युलेटरला एकेका कोअरची (प्रोसेसरमधील स्वतंत्रपणे काम करणाऱ्या भागाची) ताकद महत्त्वाची. आठऐवजी सोळा कोअर घेतल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. प्लेस्टेशन ३ मधल्या सेल प्रोसेसरमध्ये मात्र ३.२ गिगाहर्ट्झचा एक मुख्य कोअर आणि खेळांच्या वाट्याला येणारे सहा सहायक कोअर होते. त्याचे अनुकरण करणारा आरपीसीएस३ अनेक कोअर खरोखर कामाला लावतो. त्यामुळे ‘हा संगणक एम्युलेटरला चांगला’ हे विधान कन्सोलचे नाव घेतल्याशिवाय अपुरे राहते.

मोजणीतील पहिला गोंधळ आकड्यांच्या नावावरून होतो. डॉल्फिनसारखे एम्युलेटर तीन गोष्टी वेगवेगळ्या दाखवू शकतात : खेळाने सेकंदाला किती नवी चित्रे काढली, कन्सोलने किती वेळा पडदा ताजा केला, आणि मूळ यंत्राच्या तुलनेत वेग किती टक्के आहे. अनेक खेळ मुळातच सेकंदाला ३० चित्रे काढतात. अशा खेळात ३० चा आकडा दिसला तर तो निम्मा वेग नव्हे, पुरता वेग आहे. उलट पीसीएसएक्स२ या प्लेस्टेशन २ च्या एम्युलेटरमध्ये कन्सोलच्या मुख्य प्रोसेसरची चक्रे गाळण्याची सोय आहे. ती चालू केली की वेगाचा आकडा १०० टक्क्यांवर जाऊन बसतो, पण खेळाला आतून कमी प्रोसेसर मिळाल्याने तो स्वतःच चित्रे गाळू लागतो. आकडा समाधानकारक आणि पडद्यावरची हालचाल तुटक, असा हा सापळा आहे. टक्केवारी पाहावी, पण खेळाने काढलेल्या चित्रांची संख्या शेजारी ठेवूनच.

मंदपणा कधी मूळ खेळाचाच असतो. सुपर निन्टेन्डोवरील ‘ग्रेडियस ३’ खऱ्या कन्सोलवरही पडद्यावर गर्दी झाली की ठळकपणे मंदावतो. एम्युलेटरवर तो तसाच मंदावला तर ती अचूकतेची खूण आहे. कन्सोलचा प्रोसेसर कृत्रिमरीत्या वेगवान करून हा मंदपणा घालवता येतो, पण त्या स्थितीत घेतलेली मोजणी वेगळी नोंदवावी. तिची तुलना मूळ स्थितीशी करणे योग्य नाही.

चाचणीसाठी खेळातील सर्वांत जड प्रसंग निवडावा आणि तो सेव्ह स्टेट म्हणून साठवावा, म्हणजे दर वेळी त्याच क्षणापासून सुरुवात होते. सुरुवातीचा मेन्यू किंवा रिकामे मैदान पाहून काढलेला निष्कर्ष उपयोगाचा नसतो. मग वेगाची मर्यादा उठवून एम्युलेटर मोकाट सोडावा. मर्यादा असताना १०० टक्के दाखवणारे दोन संगणक या स्थितीत एक ११० आणि दुसरा २४० टक्के दाखवू शकतो. पहिल्याला जड प्रसंगी श्वास घ्यायला जागा नाही, हे तेव्हाच कळते.

सरासरी हा या क्षेत्रातला सर्वांत फसवा आकडा आहे. दहा सेकंदांत ६०० फ्रेम यायच्या आणि त्यांतली एकच फ्रेम १५० मिलिसेकंद अडकली, तर सुमारे आठ फ्रेम बुडतात आणि सरासरी ५९.२ येते. कागदावर ही उत्तम कामगिरी. खेळणाऱ्याला मात्र नेमक्या उडीच्या वेळी बसलेला झटका लक्षात राहतो. म्हणून प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ नोंदवून त्यातल्या सर्वांत वाईट एक टक्क्याकडे पाहावे. कानही इथे विश्वासू साक्षीदार आहे. आवाजाचा साठा वेळेवर भरला नाही की करकर ऐकू येते, आणि डोळ्याला न जाणवलेली गळती कानाला बहुधा आधी कळते.

अशा झटक्यांचे एक नेहमीचे कारण म्हणजे शेडर. कन्सोलच्या चित्रचिपला दिलेली मांडणी पहिल्यांदा समोर आली की एम्युलेटरला तिच्यासाठी ग्राफिक्स कार्डचा छोटा प्रोग्रॅम तयार करावा लागतो, आणि तोवर खेळ थांबतो. तयार झालेले शेडर साठवले जातात, त्यामुळे तोच प्रसंग दुसऱ्यांदा गुळगुळीत चालतो. डॉल्फिनने २०१७ मध्ये ‘उबरशेडर’ आणून यावर तोडगा काढला : कन्सोलच्या चित्ररचनेचा अर्थ ग्राफिक्स कार्डावरच लावणारा एक मोठा शेडर, जो नेमका शेडर तयार होईपर्यंत काम निभावून नेतो. चाचणी पहिल्या फेरीची की दुसऱ्या, साठा रिकामा होता की भरलेला, हे सांगितलेच पाहिजे. दोन फेऱ्यांचे निकाल एकत्र करून सरासरी काढली तर दोन्हींचा अर्थ जातो.

अडथळा प्रोसेसरचा की ग्राफिक्स कार्डचा, हे शोधायला एक सोपी कसोटी आहे. चित्राचे अंतर्गत रिझोल्यूशन मूळ कन्सोलइतके खाली आणावे. वेग वाढला तर ग्राफिक्स कार्ड कमी पडत होते. जागचा हलला नाही तर प्रोसेसर. डॉल्फिनमध्ये मूळ माप ६४० × ५२८ असते आणि सहापट केल्यावर ते ३८४० × ३१६८ होते, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये ३६ पट ठिपके. संगणकाच्या टास्क मॅनेजरमधील एकूण वापराच्या टक्केवारीवर विसंबू नये. १६ थ्रेडच्या, म्हणजे एकाच वेळी १६ कामे चालवू शकणाऱ्या, प्रोसेसरवर एक थ्रेड जिवाच्या आकांताने राबत असला तरी एकूण वापर सहा-सात टक्केच दिसतो, आणि ‘संगणक तर रिकामाच आहे’ असा चुकीचा समज होतो.

लॅपटॉपवर पाच मिनिटांची चाचणी पुरत नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो, आणि ते बऱ्याचदा अर्ध्या तासाच्या आत घडते. चार्जर लावलेला असावा आणि ऊर्जाबचतीची स्थिती बंद असावी.

एम्युलेटर पूर्ण वेगाने चालत असूनही हालचाल ठराविक अंतराने अडखळते, तेव्हा दोष मॉनिटरच्या गतीशी न जुळण्याचा असू शकतो. ६०.०९८८ गतीचे चित्र नेमक्या ६० हर्ट्झच्या पडद्यावर दाखवताना सुमारे दर दहा सेकंदांनी एक फ्रेम टाकून द्यावी लागते. गेम बॉयच्या बाबतीत दर पावणेचार सेकंदांच्या आसपास एक फ्रेम दोनदा दाखवावी लागते. आवाजाचा वेग न जाणवेल इतका कमी-जास्त करून चित्र मॉनिटरशी जुळवणे हा एक उपाय. बदलत्या गतीचा मॉनिटर हा दुसरा आणि अधिक स्वच्छ.

बटण दाबल्यापासून पडद्यावर परिणाम दिसेपर्यंतचा विलंब फ्रेमच्या आकड्यात उमटत नाही, तो स्वतंत्र मोजावा लागतो. सेकंदाला २४० चित्रे टिपणारा मोबाइलचा कॅमेरा यासाठी पुरेसा आहे. बोट आणि पडदा एकाच चौकटीत घेऊन चित्रे मोजायची. प्रत्येक चित्र ४.१७ मिलिसेकंदांचे. असे दहा-वीस प्रयत्न करून त्यांचा पसारा पाहावा. अनेक एम्युलेटर एकाच जागी चालवणाऱ्या रेट्रोआर्क या प्रोग्रॅममध्ये २०१८ साली आलेली रन-अहेड ही सोय खेळ पडद्यामागे पुढे चालवून पाहते आणि खेळाच्या आतलाच विलंब कापते. एक फ्रेम पुढे जायचे तर प्रत्येक फ्रेमला काम साधारण दुप्पट होते. मोकाट चाचणीत २०० टक्क्यांपर्यंत न पोचणाऱ्या संगणकावर ती वापरता येत नाही.

निकालासोबत एम्युलेटरची नेमकी आवृत्ती, ग्राफिक्स कार्डशी बोलण्याचा मार्ग (व्हल्कन की डायरेक्टथ्रीडी की ओपनजीएल), ग्राफिक्स ड्रायव्हर, रिझोल्यूशन आणि बदललेली प्रत्येक सेटिंग लिहावी. नवी आवृत्ती जुनीपेक्षा हळू निघाली तर ती बिघडली असे लगेच म्हणू नये. पूर्वी वगळलेले एखादे काम आता खऱ्या कन्सोलप्रमाणे पुरे केले जात असेल, तर त्याची किंमत वेगात दिसते. अशा वेळी दोन्ही आवृत्त्यांत तोच प्रसंग लावून चित्र आणि आवाज मूळ यंत्राच्या चित्रणाशी ताडून पाहावेत.