चौकटीचा मध्य आणि आकाराचा मध्य

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातील छापखान्यांत आणि फलक तयार करणाऱ्या दुकानांत दोन आकार एकमेकांच्या मध्यावर आणणे हे नित्याचे काम आहे. कोरलड्रॉ या चित्ररेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही आकार निवडून सी आणि ई या कळा दाबल्या की ते क्षणात होते. तरीही कधीकधी पडद्यावरचे चित्र डोळ्यांना खटकत राहते आणि अशा वेळी डोळ्यांवर विश्वास ठेवणेच योग्य असते.

व्हेक्टर चित्रातील आकार म्हणजे बिंदूंचे निर्देशांक आणि त्यांना जोडणारे वक्र. जुळवणी करताना सॉफ्टवेअर त्या आकाराची डावी, उजवी, वरची आणि खालची टोके शोधते, त्यांना स्पर्श करणारी एक अदृश्य आयताकृती चौकट मानते आणि फक्त त्या चौकटीचा मध्य जुळवते.

वर्तुळ किंवा आयत असेल तर यात काहीच बिघडत नाही. पाच टोकांच्या चांदणीचे मात्र तसे नाही. ५० मिलिमीटर त्रिज्येच्या वर्तुळात नेमकी बसणारी चांदणी घेतली, तर तिचे वरचे टोक केंद्रापासून ५० मिलिमीटरवर असते, पण खालची दोन टोके केंद्राच्या खाली सुमारे ४०.५ मिलिमीटरवरच संपतात. त्यामुळे चौकटीचा मध्य खऱ्या केंद्राच्या सुमारे ४.८ मिलिमीटर वर पडतो. तो वर्तुळाच्या केंद्रावर आणला की संपूर्ण चांदणी तेवढीच खाली सरकते आणि तिची खालची टोके वर्तुळाबाहेर येतात. इंकस्केप या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चांदणी केंद्रापासून बाहेर काढली जाते. म्हणून स्नॅप, म्हणजे जवळच्या बिंदूला आपोआप चिकटण्याची सोय, चालू ठेवून वर्तुळाच्या केंद्रापासूनच सुरुवात केली, तर हा प्रश्न उद्भवत नाही.

रेषेची जाडीही लक्षात घ्यावी लागते. २ मिलिमीटर जाडीची रेषा मूळ मार्गाच्या, म्हणजे आकाराच्या जाडी नसलेल्या कडेच्या, दोन्ही बाजूंना एकेक मिलिमीटर पसरते. इंकस्केपमध्ये ही जाडी धरणारी दृश्य चौकट आणि न धरणारी भौमितिक चौकट यांपैकी एक निवडता येते. छपाईसाठी पहिली सोयीची. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कारखान्याकडे लेझर कटिंगसाठी फाइल पाठवायची असेल तर दुसरीच निवडावी, कारण यंत्र मार्गावरून चालते.

आपल्या लिपीत ही अडचण सर्वांत ठळकपणे दिसते. ‘निपाणी’ आणि ‘खानापूर’ हे शब्द कर्व्हमध्ये, म्हणजे अक्षरांऐवजी आकारांत, बदलून शेजारी ठेवले आणि उभ्या दिशेने मध्यावर जुळवले, तर वेलांट्यांमुळे ‘निपाणी’ची चौकट शिरोरेषेच्या वर वाढलेली असते, तर ऊकारामुळे ‘खानापूर’ची खाली, परिणामी पहिला शब्द खाली उतरतो, दुसरा वर चढतो आणि दोन शिरोरेषा एका पातळीत राहत नाहीत. यावर खात्रीचा उपाय म्हणजे रूलरमधून, म्हणजे पडद्याच्या कडेच्या मोजपट्टीतून, एक गाइडलाइन (मदतीची रेषा) ओढून तिच्यावर दोन्ही शिरोरेषा टेकवणे. फलकावरच्या कन्नड ओळीला अशी सलग रेषा मिळत नाही. तिथे काना-मात्रांसारखी वर-खाली जाणारी चिन्हे वगळून अक्षरांच्या मुख्य अंगाचा तळ गाइडलाइनवर टेकवावा.