प्रथिनांची घडमोड : मोजणीची पार्श्वभूमी

प्रथिनांत वजनाने साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पिष्टमय पदार्थांत आणि मेदात तो नसतो. म्हणून नायट्रोजन मोजला, त्याला ६.२५ ने गुणले की प्रथिने कळतात. एकोणिसाव्या शतकात म्युनिकमध्ये कार्ल फॉइट यांनी याच आधारावर आहारातला नायट्रोजन आणि मल-मूत्रातला नायट्रोजन यांचा ताळेबंद मांडला. निरोगी प्रौढात जमा-खर्च जवळपास जुळायचा.

घोटाळा पुढे, अर्थ लावताना झाला. १९०५ मध्ये ओटो फोलिन यांना दिसले की आहारातली प्रथिने कमी केली की लघवीतला युरिया खूप घटतो, क्रिएटिनिन मात्र फारसे हलत नाही. दोन्ही नायट्रोजनयुक्त टाकाऊ पदार्थ : पहिला प्रथिने मोडून होतो, दुसरा स्नायूंतून येतो. त्यावरून त्यांनी दोन वेगळे व्यवहार मानले : खाल्लेल्या प्रथिनांचा, आणि शरीराच्या स्वतःच्या झिजेचा, तोही अगदी थोडा. पुढची तीसेक वर्षे हेच शिकवले गेले. फाटकातून आत-बाहेर जाणाऱ्या विटाच मोजत बसले, तर आत त्याच विटांची भिंत पाडून पुन्हा बांधली जात आहे हे कळणार कसे?

विटांवर खूण करायची सोय झाली ती हॅरॉल्ड युरी यांच्यामुळे. १९३१ मध्ये त्यांनी ड्युटेरियम, म्हणजे जड हायड्रोजन, शोधला आणि पुढे नायट्रोजन-१५, म्हणजे जड नायट्रोजन, वेगळा काढण्याची पद्धतही बसवली. दोन्ही नेहमीच्या अणूंहून जड, म्हणून ओळखता येतात, पण किरणोत्सारी नाहीत. हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनी सोडावी लागलेले जीवरसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ शोनहायमर तेव्हा युरींच्याच कोलंबिया विद्यापीठात, न्यूयॉर्कमध्ये होते. युरींचे विद्यार्थी डेव्हिड रिटेनबर्ग त्यांना येऊन मिळाले. १९३९ मध्ये या दोघांनी आणि सारा रॅटनर यांनी पूर्ण वाढलेल्या उंदरांना खूण केलेले ल्युसिन खाऊ घातले. ल्युसिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांच्या विटांपैकी एक. उंदरांचे वजन स्थिर होते, म्हणजे जुन्या समजुतीप्रमाणे बहुतेक खुणा लघवीत यायला हव्या होत्या. निम्म्याहून अधिक सापडल्या त्या ऊतींच्या प्रथिनांत. शिवाय तो नायट्रोजन इतर अमिनो आम्लांतही शिरला होता. अपवाद लायसिन या अमिनो आम्लाचा.

शोनहायमर यांनी १९४१ मध्ये आत्महत्या केली. माणसावरचे काम सहकाऱ्यांनी पुढे नेले. डेव्हिड शेमिन यांनी तर खूण केलेले ग्लायसिन (हेही एक अमिनो आम्ल) स्वतःच खाल्ले, आणि तांबड्या पेशी सुमारे चार महिने जगतात हे त्यांच्याच रक्तातून निघाले. १९५५ मध्ये जीवाणूंवरच्या प्रयोगांनी या मोडतोडीविषयी शंका उभी केली, कारण वाढत्या जीवाणूंत प्रथिने जवळजवळ मोडतच नव्हती. प्राण्यांच्या पेशींना हे लागू नाही, हे पुढे स्पष्ट झाले.

रुग्णालयात वापरता येईल अशी पद्धत आली जमैकातून. तिथे जॉन वॉटरलो यांच्या संशोधन केंद्रात कुपोषित बाळांवर उपचार होत. पिकू आणि टेलर-रॉबर्ट्स यांनी १९६९ मध्ये खूण केलेले ग्लायसिन सातत्याने देऊन लघवीतल्या युरियावरून प्रथिनांची उलाढाल काढली. रक्तही काढायला नको! नंतर कार्बन-१३, म्हणजे जड कार्बन, लावलेले ल्युसिन शिरेतून देणे रूढ झाले. शरीरातली प्रथिने मोडून सुटणारे बिनखुणेचे ल्युसिन या खुणेच्या ल्युसिनला जितके पातळ करील तितकी मोड जास्त. आणि जळालेल्या ल्युसिनचा कार्बन श्वासातून बाहेर पडतो, तोही मोजता येतो. प्रौढात रोज २५० ते ३०० ग्रॅम प्रथिने घडतात आणि जवळपास तितकीच मोडतात. ताटातून येतात ती ६०-८० ग्रॅम.

आपल्याकडे हे काम मुख्यतः बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात झाले. अनुरा कुरपाड आणि सहकाऱ्यांनी भारतीय प्रौढांवर चोवीस तासांचे ल्युसिन-प्रयोग करून लायसिनची गरज तपासली. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांच्या १९८५ च्या अहवालात प्रौढांची ही गरज वजनाच्या दर किलोमागे रोज १२ मिलिग्रॅम होती. २००७ च्या अहवालात ती ३० झाली. ज्वारी आणि गहू दोन्हींत लायसिन कमी. जुन्या आकड्याने नुसत्या भाकरी-पोळीची प्रथिनेही पुरेशी ठरत. नव्या आकड्यापुढे सोबत डाळ किंवा दूध नसेल तर ती कमी पडतात.