उत्तरेच्या वाहिनीखालची रेव

उत्तर ध्रुवालगतचा बर्फ वितळू लागल्यामुळे तेथील तेल आणि वायू दक्षिणेकडे आणणे आता सोपे होणार, असे भाकीत बातम्यांमधून वारंवार केले जाते. समुद्रातील जहाजांपुरते त्यात काही तथ्य असेलही. जमिनीवरून जाणाऱ्या वाहिन्यांच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचे आहे. तेथे गोठलेली जमीन हाच पाया असतो आणि ती वितळली की पायाच खचतो. हा पाया गोठलेला राहावा म्हणून जी वस्तू सर्वाधिक प्रमाणात वापरली जाते ती पोलाद नव्हे, तर रेव, म्हणजे पाण्याने घासलेले खडे, बारीक गोटे आणि भरड वाळू यांचे मिश्रण. १९७७ मध्ये सुरू झालेल्या अलास्कातील सुमारे १,२८७ किलोमीटर लांबीच्या तेलवाहिनीच्या प्रकल्पात, रस्ते व धावपट्ट्या धरून, साडेपाच कोटी घनमीटरांहून अधिक रेव लागली. १० घनमीटर मावणारा डंपर धरला, तर दर किलोमीटरमागे ४,००० हून अधिक खेपा होतात.

एवढी रेव कशासाठी, हे समजण्यास पर्माफ्रॉस्ट, म्हणजे वर्षानुवर्षे गोठलेली जमीन, समजून घ्यावी लागते. तिचा वरचा थोडा थर उन्हाळ्यात वितळतो आणि हिवाळ्यात पुन्हा गोठतो. खालच्या भागाचे उन्हापासून रक्षण शेवाळ व खुरट्या वनस्पतींची गादी करते. यंत्रांच्या चाकांखाली ही गादी फाटली की वितळण खोलवर जाते आणि बर्फाने भरलेली माती चिखल होऊन बसते. म्हणून गादी न उकरता तिच्यावरच रेवेचा भराव घालतात. मात्र रेवेचा उघडा पृष्ठभाग वनस्पतींपेक्षा अधिक तापतो, त्यामुळे पातळ थर घातल्यास न घातल्यापेक्षा अधिक नुकसान होते. अलास्काच्या उत्तर उतारावर, म्हणजे आर्क्टिक समुद्राकडे उतरत जाणाऱ्या प्रदेशात, हा भराव साधारण दीड ते दोन मीटर जाडीचा ठेवतात, तो याच कारणाने.

पण जाडी हे अर्धेच उत्तर झाले. इतर कोणतीही माती त्याच जाडीची का चालत नाही, हा प्रश्न मला या विषयातील सर्वांत सुंदर प्रश्न वाटतो. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के प्रसरण पावते, म्हणून थंडीत जमीन फुगते, असे आपण शाळेतील ज्ञानावरून गृहीत धरतो. हिशेब करून पाहिला, तर ज्या मातीच्या आकारमानात ४० टक्के पाणी आहे, तिचा एक मीटर थर गोठल्यावर चार सेंटिमीटरसुद्धा वर येणार नाही. प्रत्यक्षात जमीन त्याच्या कित्येक पट उचलली जाते. अमेरिकी भूवैज्ञानिक स्टीफन टेबर यांनी १९३० च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून ती गोठवली. बेंझीन गोठताना आकुंचन पावते, तरीही माती फुगली. म्हणजे कारण प्रसरणाचे नव्हतेच.

खरे कारण मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यात आहे. तापमान शून्याखाली गेले, तरी बर्फ आणि कण यांच्या मधला हा पापुद्रा द्रवरूपच राहतो, कारण कणाच्या पृष्ठभागाचे आकर्षण त्याला गोठू देत नाही. जेथे थंडी अधिक तेथे पापुद्रा पातळ होतो आणि आपली जाडी भरून काढण्यासाठी खालच्या, कमी थंड मातीतून पाणी ओढून घेतो. ते पाणी बर्फाला जाऊन मिळते आणि भिंगाच्या आकाराचा शुद्ध बर्फाचा थर वाढू लागतो. गोठताना बाहेर पडणारी सुप्त उष्णता वरच्या थंडीला तोलून धरत असल्याने गोठणरेषा पुढे न सरकता एकाच जागी थांबते आणि भिंग जाड होत राहते. शून्याखालच्या प्रत्येक अंशामागे असा बर्फ जास्तीत जास्त अकरा वातावरणांएवढा दाब निर्माण करू शकतो. त्यापुढे वरच्या मातीचे वजन ते काय? यासाठी दोन गोष्टी एकत्र लागतात: पापुद्र्यांना पुरेसे पृष्ठफळ आणि पाण्याला वाहण्यास पुरेशी वाट. चिकणमातीत पृष्ठफळ भरपूर, पण वाट अरुंद. बारीक गाळात दोन्ही असतात, म्हणून तो सर्वांत वाईट. रेवेत वाट मोकळी असली, तरी पृष्ठफळ नगण्य असते आणि पाणी वर खेचले जाण्याऐवजी निथळून जाते. रेव फुगत नाही ती यामुळे.

वायुवाहिनीच्या बाबतीत या यंत्रणेने वेगळाच पेच निर्माण केला. पर्माफ्रॉस्ट वितळू नये म्हणून वायू शून्याखाली थंड करून पाठवायचा, अशी कल्पना होती; पण दक्षिणेकडे जेथे गोठलेली आणि न गोठलेली जमीन आलटून पालटून येते, तेथे हा थंड पाइपच भोवतालचा गाळ गोठवतो आणि स्वतःला वर उचलून घेतो. १९८० च्या दशकात फ्रान्समधील काँ येथे कॅनडा व फ्रान्सच्या शास्त्रज्ञांनी थंड पाइप अर्धा वाळूत, अर्धा गाळात पुरून हे तपासले. पाइप वाकला तो दोहोंच्या सीमेवर.

आता ही रेव येते कोठून? दख्खनच्या पठारावर बेसॉल्टचा डोंगर फोडून क्रशरमधून हवी तेवढी खडी काढता येते. कॅनडातील मॅकेन्झी नदीचा त्रिभुज प्रदेश मात्र गाळाचा आहे. तेथे जवळपास खडक नाही. जी रेव आहे ती हिमयुगाच्या अखेरीस हिमनद्यांच्या वितळपाण्याने, कधी बर्फाखालच्या बोगद्यांतून वाहताना, मागे ठेवलेली. असे लांबच लांब रेवेचे बांध पुन्हा तयार होणार नाहीत. शिवाय अस्वले व कोल्हे बिळे करतात तीही याच कोरड्या उंचवट्यांत. या उंचवट्यांच्या पोटातही कधी बर्फाचे मोठे थर निघतात, त्यामुळे हिवाळ्यात खणलेली बर्फाळ रेव उन्हाळाभर ढीग घालून निथळू द्यावी लागते. वाहतूक हिवाळ्यातच होते, कारण जड वाहनांना टुंड्रावरून नेणारे बर्फाचे रस्ते तेव्हाच असतात. हवामान तापत गेले, तर हे रस्ते कमी दिवस टिकतील आणि भराव मात्र अधिक जाड लागेल.

म्हणूनच १९८४ मध्ये इनुविआलुइट, म्हणजे याच भागातील मूळ रहिवासी लोक, आणि कॅनडा सरकार यांच्यात झालेल्या करारात वाळू व रेव यांची स्वतंत्र तरतूद आहे, आणि ती मला फार दूरदृष्टीची वाटते. पुढील २० वर्षांच्या अंदाजानुसार वस्त्यांच्या सार्वजनिक गरजेपुरती रेव प्रथम राखून ठेवायची, नंतर इनुविआलुइटांच्या स्वतःच्या गरजेची, आणि त्यानंतरच मंजूर प्रकल्पांचा क्रम. याच त्रिभुज प्रदेशातील वायू दक्षिणेकडे नेणारी सुमारे १,२०० किलोमीटरची नियोजित मॅकेन्झी वायुवाहिनी २०११ मध्ये मंजूर होऊनही डिसेंबर २०१७ मध्ये सोडून देण्यात आली. त्याच्या आदल्याच महिन्यात त्याच भागातील इनुविक ते किनाऱ्यावरचे तुक्तोयाक्तुक हा सुमारे १३८ किलोमीटरचा रस्ता खुला झाला होता. टुंड्रावर जिओटेक्स्टाइल, म्हणजे मातीकामासाठीचे कृत्रिम कापड, अंथरून त्यावर गोठलेला भराव घालत तो मुख्यतः हिवाळ्यांत बांधला गेला. तुक्तोयाक्तुकचा किनारा आज समुद्र खात आहे आणि काठावरची काही घरे आत हलवावी लागली आहेत. अशा जमिनीवर घर नव्या जागी न्यायचे, तर आधी तेथे रेवेचा भराव घालावा लागतो.