फोमचे कसरती आरसी विमान

हलक्या प्लॅस्टिक फोमच्या सपाट तावांतून कापून जोडलेले, विजेच्या मोटरवर चालणारे व रेडिओने नियंत्रित होणारे (आरसी) छोटे विमान. लूप (उभे वर्तुळ), रोल (लांबीच्या अक्षाभोवती गिरकी), उलटे उड्डाण या जुन्या कसरतींबरोबरच प्रॉपवर (पुढच्या फिरत्या पंख्यावर) लटकून हवेत उभे राहणे (हॉवर), नाक वर धरून सावकाश सरकणे (हॅरियर) असे प्रकारही ते करते. पंखाची उचल जवळजवळ संपल्यावर चालणाऱ्या या दुसऱ्या गटाला ही विमाने उडवणारे छांदिष्ट लोक ‘थ्रीडी’ म्हणतात. बंदिस्त सभागृहातील कसरतींसाठी आंतरराष्ट्रीय वैमानिकी महासंघाचा एफ३पी हा वर्ग आहे. येथे मुख्यत्वे ८०० मिमी पंखविस्ताराच्या, मैदानात शांत हवेत उडवायच्या विमानाचा विचार केला आहे.

रेडिओनियंत्रित प्रतिकृतींचा इतिहास सहसा अमेरिकेतील वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंच्या १९३७ च्या सुमाराच्या विमानापासून सांगतात. फोमचा उगम मात्र वादाचा आहे. स्वीडनचे कार्ल मुंटर्स यांनी १९३० च्या दशकातच पॉलिस्टायरीन फोमचे पेटंट घेतले होते. डाऊ कंपनीचे रे मॅकिन्टायर १९४० च्या आसपास स्वतंत्रपणे तेथेच पोहोचले आणि पुढे कंपनीने मुंटर्स यांचे हक्क मिळवले. अमेरिकी लेखनात मॅकिन्टायर यांचे नाव पुढे असते. पेटंटांचा क्रम पाहता मुंटर्स यांचा दावा अधिक बळकट दिसतो. हा झाला साच्यातून दाबून काढलेला, सलग पोताचा फोम (एक्सपीएस). मण्यांचा फोम (ईपीएस), म्हणजे आपला थर्माकोल, जर्मनीतील बीएएसएफ कंपनीचे फ्रिट्झ श्टास्टनी यांच्या सुमारे १९४९ च्या कामातून आला. ‘थर्माकोल’ हे मुळात त्याच कंपनीच्या भारतीय शाखेचे व्यापारी नाव. शाखा १९४३ मध्ये आर. ए. कोल या नावाने नोंदली गेली होती. ‘कोल’ तेथून आला असावा, हा तर्क पटण्याजोगा आहे.

बांधणाऱ्याला हा भेद कामाचा आहे. थर्माकोलचा पातळ ताव मण्यांच्या सांध्यांवर तुटतो. एक्सपीएसचा ताव, विशेषतः डेपरॉन या नावाने मिळणारा, ताठ असतो व धारदार पात्याने स्वच्छ कापला जातो. ईपीपी हा पॉलिप्रोपिलीनचा फोम आपटला तरी वाकून पूर्ववत होतो, पण तितका ताठ नसल्याने त्याला कार्बनचा आधार जास्त लागतो. स्टेशनरीच्या दुकानात ‘फोमशीट’ मागितल्यावर पुष्कळदा सनबोर्ड हाती येतो. तो पीव्हीसीचा, डेपरॉनच्या कित्येक पट जड, आणि या कामाला निरुपयोगी. कागद चिकटवलेला फोमबोर्ड चालतो, मात्र निदान एका बाजूचा कागद सोलून.

आराखड्यात पंख मुळाशी ३०० व टोकाशी २०० मिमी रुंद धरल्यास क्षेत्रफळ २० चौ. डेसिमीटर होते. उड्डाणवजन २२० ग्रॅम ठेवले तर पंखभार ११ ग्रॅम प्रति चौ. डेसिमीटर पडतो. वजनाची विभागणी साधारण अशी : ६ मिमी फोम ८० ग्रॅम, मोटर २५, ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) १०, चार सर्व्हो (नियंत्रक पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) २४, ४५० एमएएच क्षमतेची तीन-सेल लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी ४०, प्रॉप व रिसीव्हर (रेडिओ संदेश घेणारा भाग) मिळून ११; कार्बन, डिंक, हॉर्न (पात्यावरचा, दांडी अडकवायचा भोकाचा खुंट), टेप यांना ३०. बिघडतो तो हा शेवटचा आकडा. हॉट ग्लूच्या जाड रेघा ओढल्या की वीसेक ग्रॅम नकळत वाढतात. मोटर १४००–१५०० केव्हीची (दर व्होल्टमागे मिनिटाला तितके फेरे), प्रॉप ८ इंची स्लो-फ्लाय (सावकाश उड्डाणासाठीचा), ईएससी १२ अँपिअरची. प्रॉपची खेच वजनाच्या निदान दीडपट, म्हणजे ३३० ग्रॅम हवी. तेवढी नसल्यास हॉवरमधून वर निघता येत नाही.

गुरुत्वमध्य पंखाच्या सरासरी रुंदीच्या ३० टक्क्यांवर, येथे पुढच्या कडेपासून सुमारे ७५ मिमी, ठेवून सुरुवात करावी. शेपटीकडचा सर्व्हो या बिंदूपासून ५०० मिमी आणि बॅटरी २०० मिमी दूर असेल, तर मागे वाढलेल्या प्रत्येक ग्रॅमसाठी पुढे अडीच ग्रॅम लागतात. म्हणून सर्व्हो पुढे घेऊन लांब कार्बन पुशरॉड (सर्व्होची हालचाल पात्यापर्यंत नेणारी दांडी) वापरणे बहुधा परवडते. पंख आणि आडवी शेपूट दोन्ही शून्य अंशावर बसवतात, कारण उलटे उडतानाही वागणूक तीच राहावी लागते. मोटरला दोन-तीन अंश उजवा कल देतात.

जोडणी सपाट काचेवर वा ग्रॅनाइटवर करावी. पंखात ३ मिमी कार्बन दांडी बसवण्याआधी पीळ तपासावा. डिंक वाळल्यावर तो निघत नाही. एलेरॉनची (पंखाच्या मागच्या कडेवरील, रोलसाठीच्या पात्याची) कड ४५ अंशांत तासून टेपची बिजागरी करतात. फट एक मिलिमीटरच्या वर गेली की हवा गळते व एलेरॉनचा परिणाम घटतो. साधा सायनो (झटपट चिकटणारा सायनोॲक्रिलेट डिंक) पॉलिस्टायरीनला अक्षरशः खातो : थेंब पडताच खड्डा पडतो व आतून वाफ येते. त्यासाठी फोम-सेफ सायनो घ्यावा. टोल्युइनयुक्त डिंक व स्प्रे पेंट यांचेही तेच. पांढरा फेव्हिकॉल निरुपद्रवी, पण दोन बंद तावांमध्ये त्यातले पाणी अडकून दिवसेंदिवस ओले राहते.

नियंत्रक पाती ४५ अंशांपर्यंत वळू द्यावीत व ट्रान्समीटरवर ४० ते ६० टक्के एक्स्पो (नियंत्रणदांडीच्या मधल्या हालचालीला प्रतिसाद सौम्य करणारी मांडणी) ठेवावा. एरवी मधल्या टप्प्यात विमान थरथरते. हॉर्नच्या भोकातली ढिलाई वेगात एलेरॉनला फडफड लावते. रिसीव्हरची अँटेना कार्बनच्या दांडीला चिकटून कधीच नेऊ नये, कारण कार्बन २.४ गिगाहर्ट्झची लहर अडवतो. लिपो सेल ३.३ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नये.

भारतात ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचे मानवरहित विमान नॅनो वर्गात येते व त्याला दूरचालक प्रमाणपत्र लागत नाही. वरील २२० ग्रॅमचे विमान या मर्यादेत बसते.