काटे कुणी काढले?

बांबू हे झाड नव्हे, गवत आहे, गहू-तांदळाच्या कुळातलं. पावसाळ्यात जमिनीतून फुटणारा कोंब जन्मतःच पुढे असायचा तेवढा जाड असतो. दोन-तीन महिन्यांत तो पूर्ण उंची गाठतो, मग काही वर्षं फक्त टणक होत जातो. एवढ्या झपाट्याने वाढताना त्याला पानंही धड फुटलेली नसतात. मग खातो काय? बेटातल्या थोरल्या बांबूंनी कमावलेलं, जमिनीखालच्या कंदांत साठवलेलं. म्हणून बांबू तोडणाऱ्याने किती तोडायचे याआधी कोणते ठेवायचे ते ठरवावं लागतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात घोटाळा झालाच. दांडेलीला कागद गिरणी आली आणि सरकारने तिला बांबू दिला टनाला अवघ्या दीड रुपयाने. बुरुडकाम करणाऱ्यांना मात्र तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागे. बेटं विरळ होत चालली तशी त्यांनी ओरड केली आणि सत्तरच्या दशकात राज्य सरकारने बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांना याचा छडा लावायला सांगितलं.

वनखात्याचा सिद्धांत कागदावर बरा दिसत होता. काटस बांबूच्या बुंध्याभोवती काटेरी फांद्यांचं दाट जाळं असतं. ते साफ केलं की बेट मोकळं होईल, कोंबांना जागा मिळेल, उत्पादन वाढेल. गावकऱ्यांचं म्हणणं नेमकं उलटं: अहो, ते कुंपण आहे! काटे काढलेत की कोवळे कोंब गुरं, वानरं, साळिंदरं खाऊन टाकतात. गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजमाप केलं तेव्हा गावकरी बरोबर निघाले. मला या प्रकरणात सगळ्यात बोलकं वाटतं ते हेच, की या वादात खोटं कुणीच बोलत नव्हतं. खात्याला खरोखरच बेटाचं भलं करायचं होतं. फक्त ते भलं भर पावसात, कोंब फुटायच्या दिवसांत, तिथे उभं राहून कुणी पाहिलं नव्हतं.

गिरणीचा हिशोब आणखी वेगळा. तिला टिकवायचा होता तो कच्च्या मालाचा पुरवठा. तो याच जंगलातून आला पाहिजे असं काही नाही. देशातल्या अनेक कागद गिरण्या जवळचा बांबू संपला की लांबच्या जंगलांकडे वळल्या, नंतर निलगिरी-सुबाभळीकडे. ताळेबंदात ही वाटचाल ठीकच दिसते. टोपल्या विणणाऱ्याला अशी सोय नसते. दुसऱ्या जिल्ह्यातला बांबू त्याच्या काय कामाचा?

आपल्याकडे गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने हीच गाठ दुसऱ्या टोकाने सोडवली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा याच गावाची. २००६च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज, म्हणजे मध-तेंदूपानांसारखं इमारती लाकूड नसलेलं जंगलातलं उत्पन्न, म्हटलं आणि २००९मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात! म्हणजे बांबू गावाचा, तो न्यायचा मात्र खात्याला विचारून. खात्याचा युक्तिवाद असा की १९२७च्या वन कायद्यात बांबू ‘झाड’ आहे, म्हणून तो गौण वनोपज नव्हे. वनस्पतिशास्त्र काहीही म्हणो. अखेर एप्रिल २०११मध्ये केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हवाली झालं. जंगलाबाहेरच्या बांबूला कायद्याच्या ‘झाड’ या व्याख्येतून वगळायला मात्र २०१७ साल उजाडलं.

मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. वेळ लागतो, कधी कधी फारच. पण बेटातला कोणता बांबू उभा ठेवायचा हे तिथे बसलेल्यांना बोटाने दाखवता येतं.