वेगवान आलिशान मोटरबोट : वजन, वेग आणि आराम

इंजिनाच्या बळावर पाण्याच्या पृष्ठभागावर चढून धावणारी, साधारणपणे 35 नॉटच्या पुढे जाणारी आणि त्याच वेळी बसण्या-झोपण्याची, खाण्यापिण्याची चैनीची सोय देणारी खाजगी बोट. एक नॉट म्हणजे ताशी 1.852 किमी. त्यामुळे 50 नॉटने जाणारी बोट ताशी 93 किमी.च्या आसपास धावत असते. रस्त्यावर हा वेग मामुली वाटेल. पण पाण्याची घनता हवेच्या सुमारे 800 पट असते आणि समुद्राचा पृष्ठभाग क्वचितच सपाट असतो. अशा बोटीचा सगळा आराखडा वजन, वेग आणि आराम या तिघांच्या ओढाताणीतून घडतो. माहितीपत्रकात शांत पाण्यावरचा कमाल वेग ठळक छापलेला असतो. बोटीची खरी पारख मात्र उसळत्या पाण्यात होते : तिथे ती किती वेग तासन्‌तास टिकवते आणि तेवढ्या वेळात आतल्या माणसांचे काय हाल होतात, हे पाहावे लागते.

पाण्यावर चढणे : हळू चालणारी बोट आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारून तरंगते. वेग वाढला की तिच्या नाळेपाशी (पुढच्या टोकाशी) आणि मागे लाटा उठतात आणि एका मर्यादेनंतर बोट स्वतःच उठवलेल्या लाटेच्या चढावर अडकते. ही मर्यादा पाण्यातल्या लांबीवर अवलंबून असते : लांबी फुटांत घेऊन तिच्या वर्गमूळाला 1.34 ने गुणले की ती नॉटमध्ये मिळते. 8 मीटरच्या बोटीला ती जेमतेम 7 नॉट पडते, 20 मीटरच्या बोटीला सुमारे 11. त्यापुढे जायचे तर तळावर आदळणाऱ्या पाण्याच्या दाबाने बोट वर उचलली गेली पाहिजे. यालाच प्लेनिंग म्हणतात. प्लेनिंगला येताना नाळ उंच उठते, मागची बाजू खाली बसते, चालकाला पुढचे दिसेनासे होते आणि रोध झपाट्याने वाढतो. वाढत्या रोधाचा हा उंचवटा ओलांडला की नाळ खाली येते आणि बोट मोकळी पळू लागते. बोट जितकी जड, तितका हा उंचवटा चढायला अवघड. फार जड झालेली बोट भरपूर इंधन जाळत त्याच्या अलीकडेच अडकून राहते.

प्लेनिंग करणाऱ्या बोटीच्या वेगाचा अंदाज घ्यायला क्राउच यांचे सूत्र वापरतात. त्याचा गाभा इतकाच, की वेग हा शक्ती भागिले वजन या गुणोत्तराच्या वर्गमूळाच्या प्रमाणात वाढतो. वजन 10 टक्के वाढले तर वेग सुमारे 5 टक्के घटतो. उलट, त्याच वजनात वेग दुप्पट करायचा तर शक्ती चौपट हवी. इथेच आराखडा करणाऱ्यांची दमछाक होते. जास्त शक्ती म्हणजे मोठी इंजिने, त्यांना जास्त इंधन, इंधनाला मोठ्या टाक्या, हे सगळे पेलायला दणकट सांगाडा. आणि त्या सांगाड्याचेही वजन आलेच. हे चक्र एकदा फिरू लागले की पुढच्या प्रत्येक नॉटची किंमत आधीच्यापेक्षा जास्त मोजावी लागते.

चैनीचे वजन : आलिशानपणा किलोंत मोजता येतो. 30 चौ. मी. डेकवर 10 मिमी. जाडीचे सागवान लावले तर सुमारे 200 किलो वाढतात. वातानुकूलन, जनित्र, खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करणारे यंत्र, फ्रीज आणि या सर्वांच्या बॅटऱ्या मिळून हा आकडा पाहता पाहता टनांवर जातो. गोड्या पाण्याचे वजन लिटरमागे एक किलो, डिझेलचे साधारण 840 ग्रॅम. म्हणून अशा बोटींच्या आतल्या सजावटीत बरेचसे दिसते तसे नसते. संगमरवराची ओटा-फरशी म्हणजे अॅल्युमिनियमच्या जाळीदार पाटीवर चिकटवलेला काही मिलिमीटरचा दगडाचा पापुद्रा असतो, आणि लाकडी भिंतीच्या आत हलका फोम असतो. ही फसवणूक मानू नये. हाताला दगडाचा गारवा मिळतो आणि बोट पळतेही. या कामात मोठे कसब आहे.

सांगाड्याच्या बाबतीत लाकडाकडून फायबरग्लासकडे आणि तिथून कार्बन फायबरकडे प्रवास झाला. 2020 मध्ये जाहीर झालेली टेक्नोमार फॉर लॅम्बोर्गिनी 63 ही 63 फुटी बोट कार्बन फायबरच्या भरपूर वापरामुळे 24 टनांत बसवली गेली. तिच्यात मान (MAN) कंपनीची, प्रत्येकी 2,000 अश्वशक्तीची दोन डिझेल इंजिने असून कमाल वेग 60 नॉट सांगितला जातो. त्याआधी, 2003 मध्ये, वॉलीपॉवर 118 या 36 मीटरच्या बोटीने तोच 60 नॉटचा टप्पा गाठण्यासाठी तीन गॅस टर्बाइने मिळून 16,800 अश्वशक्ती वापरली होती. लांबी आणि वजन वाढले की त्याच वेगासाठी काय मोजावे लागते, ते या दोन आकड्यांवरून दिसते.

इंधनाच्या वजनाचा सर्वांत टोकाचा दाखला खाजगी चैनीच्या किंचित पलीकडचा आहे. आगाखान यांच्या पाठबळाने बांधलेल्या 67 मीटर लांबीच्या देस्त्रिएरो या जहाजाने ऑगस्ट 1992 मध्ये वाटेत इंधन न घेता अटलांटिक 58 तास 34 मिनिटांत, सरासरी 53.09 नॉटने ओलांडला. निघताना पोटात शेकडो टन इंधन होते. ते जळत गेले तसे जहाज हलके आणि वेगवान होत गेले.

सरोवर आणि समुद्र : या वर्गाचे सर्वांत देखणे रूप म्हणजे इटलीतली रिवा अॅक्वारामा. ईझेओ सरोवराकाठच्या सार्निको गावातल्या कार्लो रिवा यांनी ती 1962 मध्ये आणली आणि 1996 पर्यंत ती बांधली जात होती. आठ मीटरहून थोडी अधिक लांबी, वॉर्निशने आरशासारखे केलेले महोगनी, सिनेरामाच्या रुंद पडद्याची आठवण देणारी वळणदार काच, इंजिनांवर ऊन खाण्यासाठी गादी. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी यांनी 1968 मध्ये आपल्या अॅक्वारामात स्वतःच्या मोटारींची दोन व्ही-12 इंजिने बसवून घेतली होती. मात्र ही सरोवराची आणि रिव्हिएराच्या शांत खाडीची बोट आहे. तिचा तळ मागे सपाट होत जातो, त्यामुळे थोड्या शक्तीत चटकन प्लेनिंग मिळते. पण तोच तळ उघड्या समुद्रातल्या लाटेवर आपटतो.

त्या आपटण्यावरचा उपाय अमेरिकेत निघाला. सी. रेमंड हंट यांनी नाळेपासून मागच्या टोकापर्यंत इंग्रजी व्ही अक्षरासारखा खोल, बाजूंना सुमारे 24 अंशांचा उतार असलेला तळ आखला आणि त्यावर लांबीच्या दिशेने अरुंद पट्ट्या दिल्या. या पट्ट्या तुषार बाहेर फेकतात आणि थोडी उचलही देतात. 1958 मध्ये न्यूपोर्टला अमेरिकाज कप या शिडाच्या बोटींच्या शर्यतीच्या वेळी डिक बर्ट्रम यांनी हंट यांची छोटी बोट खवळलेल्या पाण्यात सहज पळताना पाहिली आणि स्वतःसाठी 31 फुटी ‘मॉपी’ बांधून घेतली. 1960 च्या मायामी-नॅसॉ शर्यतीत समुद्र उग्र होता. मॉपी आठ तासांत पोहोचली. दुसरी आलेली बोटही हंट यांच्याच तळाची होती. तिसरी दुसऱ्या दिवशी आली. शांत पाण्यात मॉपीपेक्षा वेगवान बोटी त्या वेळीही होत्या. त्या दिवशी त्यांच्या चालकांना वेग कमी करावा लागला, एवढेच झाले. पुढे हाच आराखडा फायबरग्लासमध्ये बर्ट्रम 31 म्हणून विकला गेला, आणि आजच्या बहुतेक वेगवान बोटींचा तळ त्याच वंशातला आहे.

मुंबईचा धागा इथे येतो. रेनातो ‘सनी’ लेवी यांचा जन्म 1926 मध्ये कराचीत झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर ते मुंबईत वडिलांच्या ‘अॅफ्को’ या बोटबांधणीच्या कारखान्यात काम करू लागले आणि वेगवान बोटींचे आराखडे त्यांनी तिथेच गिरवले. पुढे इटलीत जाऊन त्यांनी खोल तळाला स्वतःचे वळण दिले : वरून पाहिल्यास पुढे निमुळती आणि मागे रुंद, त्रिकोणी आकाराची डेल्टा बोट, जिच्यात माणसे शक्य तितकी मागे बसतात. त्यांच्या ‘आ स्पेरान्झिएल्ला’ने 1963 ची, तर ‘सर्फ्युरी’ने 1967 ची इंग्लंडमधली काउझ-टॉर्की शर्यत जिंकली. 1986 मध्ये अटलांटिक 3 दिवस 8 तास 31 मिनिटांत पार करणारी ‘व्हर्जिन अटलांटिक चॅलेंजर 2’ ही बोटही लेवी यांच्याच आराखड्याची. तिला वाटेत तीनदा इंधन घ्यावे लागले, कारण पूर्ण प्रवासाचे इंधन पोटात घेतले असते तर एवढ्या आकाराची बोट तो वेग धरू शकली नसती. मुंबईच्या किनाऱ्यावर शिकलेल्या या माणसाचे नाव मराठी वाचकांना जवळजवळ अपरिचित असावे, ही खेदाची गोष्ट आहे.

आदळआपट आणि माणसाचे शरीर : गेटवेहून मांडव्याला दुपारच्या वाऱ्यात स्पीडबोटीने गेलेल्या कुणालाही आखूड लाटेवरचे हे धक्के ठाऊक असतात. डॅनियल सावित्स्की यांनी 1964 मध्ये प्लेनिंग बोटींच्या गणिताची पद्धत मांडली. 1976 मध्ये सहकारी ब्राउन यांच्यासह त्यांनी लाटांतल्या धक्क्यांचे सूत्र दिले. त्यातून तीन गोष्टी कळतात. धक्का वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 20 नॉटवरून 40 वर गेलो तर तो चौपट होतो. तळाचा उतार 10 अंशांवरून 24 अंशांवर नेला तर धक्का साधारण एक-तृतीयांशाने घटतो. आणि बाकी सर्व तसेच ठेवले तर जड बोटीला धक्का कमी बसतो.

हा तिसरा निष्कर्ष फार मोलाचा आहे, कारण तो वजन म्हणजे निव्वळ शत्रू हा समज मोडतो. फार हलकी, फार रुंद बोट लाटेच्या माथ्यावरून हवेत उडते आणि खाली कोसळते. तेवढ्याच लांबीची, अरुंद आणि थोडी भारदस्त बोट लाट कापत जाते. त्यामुळे जाणकार आराखडाकार वाचवलेले प्रत्येक किलो वेगात घालत नाहीत; बरेचसे लांबी वाढवण्यात आणि तळ खोल करण्यात खर्च करतात. खोल तळाला उचल कमी मिळते, म्हणून त्याला शक्ती जास्त लागते. आरामाची किंमत अशी इंधनात भरावी लागते, आणि ती भरावी असेच माझे मत आहे.

वजन किती, याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे. गुरुत्वमध्य फार मागे गेला की बोट डॉल्फिनसारखी नाळ वर-खाली हलवू लागते. फार पुढे आला की नाळ लाटेत घुसते आणि बोट अचानक वळते. धक्के नाळेपाशी सर्वांत तीव्र आणि गुरुत्वमध्याच्या आसपास व मागे सौम्य असतात, म्हणून पळत्या बोटीत पुढच्या शयनकक्षात कुणी झोपू शकत नाही. चालकाच्या आसनाखाली धक्के शोषणारी यंत्रणा बसवतात. युरोपीय संघाच्या 2002 च्या निर्देशाने कामगारांच्या शरीराला बसणाऱ्या कंपनांची आठ तासांची मर्यादा 1.15 मीटर प्रति सेकंद वर्ग ठरवली. वेगवान बोटीवर व्यवसाय म्हणून काम करणाऱ्यांसाठी ती पाळणे खरोखरच कठीण आहे. मणक्याच्या दुखापती या क्षेत्रात नवलाच्या नाहीत.

थांबलेल्या बोटीचा आराम वेगळाच. खोल तळाची बोट नांगरावर असताना बाजूला डोलते. त्यावर निर्वात डब्यात फिरणाऱ्या जड चाकाचा जायरो बसवतात. डोलणे थांबते, पण कित्येकशे किलो कायमचे पोटात येतात.

इतर वाटा : तळाला आडव्या पायऱ्या दिल्या की त्यांच्यामागे हवा शिरते, ओला भाग घटतो आणि रोध कमी होतो. ही कल्पना इंग्लंडमधले धर्मोपदेशक रॅमस यांनी 1870 च्या दशकात मांडली होती. तेव्हा तेवढे हलके इंजिनच नव्हते. अशा बोटी तीव्र वळणावर घसरू शकतात, त्यामुळे चालकाला सराव लागतो. अर्धवट पाण्याबाहेर फिरणारे पंखे (प्रोपेलर) वेगात फायदा देतात, मात्र बंदराच्या धक्क्याला बोट लावताना त्रास देतात. बोटीच्या मागे बाहेरून बसवायची आउटबोर्ड इंजिने आता फार मोठी झाली आहेत : मर्क्युरी कंपनीचे 2021 चे 7.6 लिटरचे व्ही-12 इंजिन 600 अश्वशक्ती देते आणि सुमारे 572 किलो भरते. अशी चार-पाच इंजिने मागे टांगली की दोन-तीन टन शेवटच्या टोकाला लटकतात, आणि सगळा समतोल नव्याने मांडावा लागतो.

जलपंखांची वाट या सर्वांहून वेगळी आहे. एन्रिको फोर्लानिनी यांनी 1906 मध्ये माज्जोरे सरोवरावर पाण्याखालच्या पंखांवर बोट उचलून दाखवली होती. स्वीडनची कँडेला कंपनी आज विजेच्या छोट्या बोटींत तेच करते. संगणक सेकंदाला सुमारे शंभर वेळा पंखांचा कोन सुधारतो आणि तळ लाटांच्या वरून जातो. धक्के जवळजवळ नाहीसे होतात. परंतु पंखांना उचलता येईल एवढेच वजन चालते आणि लाट पंखांच्या दांड्यांपेक्षा उंच झाली की लाभ संपतो, त्यामुळे सागवान आणि जायरोसकटची चैन अजून त्यांवर चढलेली नाही.

वेगाची नोंद : बोटीचा वेग कोणत्या भाराला मोजला, हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नसतो. रिकामी बोट, अर्धा भार आणि पूर्ण भार असे टप्पे धरले जातात. अर्ध्या भारात टाक्या अर्ध्या भरलेल्या असतात आणि ठरावीक माणसे व सामान असते. चाचणी एकाच पट्ट्यावर दोन्ही दिशांनी घेऊन सरासरी काढतात, म्हणजे वारा आणि प्रवाह यांचा परिणाम जातो. चाचणीच्या वेळी तळ स्वच्छ असावा लागतो, कारण काही आठवडे पाण्यात उभ्या राहिलेल्या बोटीच्या तळावर शेवाळ आणि शंख-शिंपले धरले की कमाल वेगातले अनेक नॉट तिथेच जातात.